लीड्सचा डान्सहॉल आणि आमच्या मंडळाचा शनिवार

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो व्हिडिओ फिरतो आहे, त्यातली बाई मीच आहे. निळा पंजाबी ड्रेस, पायात स्नीकर्स, आणि एका वयस्कर गृहस्थांच्या हातातली नोट हिसकावून घेणारी. त्याखालच्या प्रतिक्रिया मी वाचल्या. "शुभदाकाकूंनी खंडणी सुरू केली का?" ही त्यातल्या त्यात सभ्य. "झिम्मा सोडून झिम डान्सहॉल" ही कुणाची, तेही मला माहीत आहे. त्या नोटेच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून लिहिणं भाग पडलं. लिहायला बसलेच आहे तर गाडी, जेवण, हॉल हेही सांगते. या ब्लॉगवर मी आजवर किल्ले, बागा आणि वाटेतली स्वच्छ बाथरूम्स यांविषयी लिहीत आले. नाचगाण्यासाठी कुठे जा, असं प्रथमच लिहिते आहे, आणि तेही फारशा आनंदानं नाही.

लंडनमधल्या स्टॅनमोरला आमचा मंगळागौरीच्या खेळांचा गट आहे. तो मी चालवते. गणेशोत्सवातल्या शनिवारी मंडळाच्या हॉलवर आमचा कार्यक्रम असतो. माझी मुलगी मुक्ता लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. दरवर्षी त्या दिवसासाठी ती खाली येते आणि फुगडीत मधल्या जोडीला उभी राहते. मधली जोडी वेगात फिरली की बाकीच्या फिरतात. ती नसली की सगळ्या जणी जड जात्यासारख्या फिरतात.

जुलैमध्ये तिचा फोन आला. तिचं मराठी इथेच वाढलेल्या मुलांचं आहे, ते आहे तसंच देते.

"आई, यावर्षी तो सॅटर्डे मला नाही जमणार. रूडोचा नवीन गाणं येतोय. त्याचा व्हिडिओ शूट त्याच दिवशी आहे आणि कोरिओग्राफी मी केली."

"दुसऱ्या दिवशी करा म्हणावं."

"नाही ना होत. सगळे डान्सर्स हॉस्पिटलमध्ये शिफ्ट करतात. सगळ्यांचा ऑफ एकच दिवस मिळाला. माईने रोटा जुळवून जुळवून काढला."

रूडो कोण ते मला ठाऊक होतं. मुक्ता भाड्यानं राहते त्या घरातली, तिच्याच वयाची, दिवसा वकिलाच्या ऑफिसात काम करणारी आणि शनिवार-रविवार गाणारी झिम्बाब्वेची मुलगी. माई म्हणजे तिची आई, घरमालकीण, पेशानं फार्मासिस्ट. त्या लोकांत बाईला तिच्या मुलाच्या नावानं ओळखतात, म्हणून ती माई रूडो, म्हणजे रूडोची आई. पण मुक्ता नुसतंच माई म्हणते. माई म्हणाली कोट घाल. माईने सूप केला. माईला विचारून सांगतो. आमच्या घरात माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्यानंतर ती हाक रिकामी होती. ती मुलीनं मला न विचारता लीड्समध्ये देऊन टाकली होती.

तेव्हा स्पष्टच सांगते: मी लीड्सला गेले ती तो शनिवार परत आणायला. ऑगस्टमध्ये तिथल्या झिम्बाब्वेच्या मंडळींचा कौटुंबिक मेळावा होता, त्यात रूडो नवं गाणं पहिल्यांदा म्हणणार होती. मुक्तानं बोलावलं, मी लगेच हो म्हटलं.

"मुलीला बघायला चाललीस की भांडायला?" ह्यांनी विचारलं.

"जे आधी जमेल ते."

स्टॅनमोरहून ज्युबिली लाइननं बेकर स्ट्रीट, तिथून किंग्ज क्रॉस, आणि पुढे लीड्सची थेट गाडी. सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. तिकीट काही आठवडे आधी काढा, अगदी आयत्या वेळी काढलंत तर तेवढ्यात घरचा महिनाभराचा भाजीपाला येईल. साठी ओलांडली असेल तर रेलकार्ड काढा, लाजू नका. कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, स्वस्त पडतो, पण दुप्पट वेळ खातो आणि पाठ धरते. गाडीतला चहा घेऊ नये. मी थर्मास नेला होता, शिवाय तिखटमिठाच्या पुऱ्या.

वाटेत कानात ते संगीत घातलं. शत्रूचं घर आधी पाहून ठेवावं. झिम म्हणजे झिम्बाब्वे; जमैकातला डान्सहॉलचा ठेका, त्यावर तिकडच्या शोना भाषेतलं गाणं, आणि हरारेच्या दाट वस्त्यांतून वर आलेली मुलं-मुली गायक, एवढं मला वाचून कळलं होतं. ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. एकच ठेका आणि त्यावर पाच गायकांची पाच वेगळी गाणी. याला ते रिडिम म्हणतात. आपल्या भजनी मंडळात नाही का, चाल एकच, अभंग वेगवेगळे, आणि कुणी कशी उचलली यावरून नंतर चहा पिताना वाद. अगदी तसंच. काही गाणी उर्मट होती, काही नुसती गोंगाट. पण रूडोचं एक जुनं गाणं लागलं तेव्हा पाय आपोआप हलायला लागला. समोरच्या बाईनं पाहिलं, तेव्हा थांबवला. गाणं चांगलं होतं, याचाच मला राग आला. वाईट असतं तर मुलीला समजावणं सोपं होतं.

लीड्स स्टेशनच्या बाहेर मुक्ता उभी होती आणि तिच्या शेजारी माझ्याच वयाची, उंच, पिवळा डगला घातलेली बाई. तिनं गुडघे किंचित वाकवून, ओंजळ पोकळ धरून दोन-चार टाळ्या वाजवल्या. हा त्यांचा नमस्कार. मी हात जोडले.

"माई मुक्ता," ती म्हणाली. म्हणजे मुक्ताची आई. पुढचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, मी मराठीत देते आहे.

तिनं माझी बॅग उचलली. मी दुसरा बंद धरला.

"बॅग माझी आहे," मी म्हटलं.

"आणि गाडी माझी आहे," असं म्हणून तिनं ती डिकीत ठेवली.

मुक्ता हसत होती. "आई, तुम्ही दोघी सेम आहे." मला ते कौतुक वाटलं नाही.

घर हेअरहिल्समध्ये, विटांच्या ओळीतलं. स्टेशनपासून बस जाते, कॉन्टॅक्टलेसनं तिकीट निघतं. ओळखीचं कुणी नसेल तर स्टेशनजवळच राहा. मला मुक्ताची खोली मिळाली. भिंतीवर रोटा चिकटवलेला, कुणाची कुठली शिफ्ट, कुणाचा ऑफ, रंगीत खुणांनी. आमच्या तालमींचं वेळापत्रक मी तिला दरवर्षी पाठवते. ते कधी भिंतीवर लागलेलं मी पाहिलं नाही.

जेवायला साद्झा होता. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड म्हणा, फक्त मिरची-ताकाशिवाय. हातानं तोडायची, बोटांत वळायची आणि कालवणाला लावून खायची. सोबत पालेभाजी, तीत दाण्याचं कूट घोटलेलं. मी सावध घास घेतला. भाजी उत्तम होती. माझ्यापेक्षा चांगली होती, कारण तिनं दाणे आधी खरपूस भाजले होते आणि मी हल्ली आयतं कूट आणते. स्टॅनमोरला पालेभाजीच्या वाटीभोवती चमचा फिरवत बसणारी माझी मुलगी दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

"घरी खात नाहीस ती," मी मराठीत म्हटलं.

"घरी तू सांगतो, आयर्न असतो त्यात. इथे कोणी काही सांगत नाही."

पानावरच मी विषय काढला. कार्यक्रम दरवर्षीचा, मंडळ जुनं, गट मुक्तावर अवलंबून, शूट काय कधीही होईल. माई रूडोनं सगळं ऐकून घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाली, "आधी बघा. भांडायला रविवारचा अख्खा दिवस आहे."

मेळावा एका क्रिकेट क्लबच्या हॉलवर होता. दुपारी सुरू, अंधार पडायच्या आत संपणार, कारण लेकरंबाळं बरोबर. प्रवेश दहा पौंड, त्यात जेवणाचं एक ताट. उन्हात बाहेर मटण भाजत होते. कागदाच्या पुड्यांत मक्याच्या लाह्या मिळतात, त्या घ्या. आणि कानात कापूस घालून जा. स्पीकर माणसापेक्षा उंच, त्यांचा आवाज आधी बरगड्यांत ऐकू येतो, मग कानात. मी भिंतीजवळची खुर्ची पकडली. भिंत थरथरत होती.

पहिल्यांदा दोन मुलगे समोरासमोर उभे राहिले आणि एकाच ठेक्यावर एकमेकांची उणीदुणी गाऊ लागले. कुणाचे बूट उसने, कुणाची गाडी वडिलांची, कुणाचा आवाज म्हणजे अडकलेला मिक्सर. हे मला माई रूडो कानात ओरडून सांगत होती. आमच्याकडे शाहिरांचा कलगी-तुरा असतो, तो असाच, मी तिला ओरडून सांगितलं.

"कोण जिंकतं?" तिनं विचारलं.

"दोघंही तेच म्हणतात."

"इथेही."

मग रूडो आली. नव्या गाण्यात हरारेतली मावशी फोन करते आणि लीड्सच्या भाचीला विचारते, माझा नवा मोबाइल कुठवर आला? भाची म्हणते, निघालाय. पुढच्या कडव्यात मोबाइल कधी विमानतळावर, कधी कस्टममध्ये, कधी मामाच्या बॅगेत, आणि खरं म्हणजे अजून दुकानात. सगळा हॉल मावशीच्या ओळी म्हणत होता. आमच्या कुठल्या घरात ही मावशी नाही? मंडळातल्या कुणाला हे का सुचलं नाही, या विचारानं माझं डोकं उठलं. आम्ही अजून त्याच त्या सासू-सुनेच्या गाण्यांवर आहोत, आणि ती ना इथल्या सासूंना लागू पडतात ना सुनांना.

तिसऱ्या कडव्याला मुक्ता नाचणाऱ्यांतून पुढे आली. आधी खांदे, मग कमरेतून एक गिरकी, मग रूडोचे हात धरून दोघी खाली बसल्या आणि उकिडव्यानं, एक पाय आत एक पाय बाहेर, उड्या मारत गोल फिरू लागल्या.

ती बस-फुगडी होती. माझी. जिच्यासाठी स्टॅनमोरला मुक्ताचा गुडघा दुखतो, ती इथे दुसऱ्याच मुलीबरोबर, दुसऱ्याच भाषेतल्या गाण्यावर, माझ्यासमोर चालली होती. आणि मी गटाकडून आजवर करून घेतली त्याहून चांगली. आधी अभिमान वाटला असं लिहिलं तर तुम्हांला बरं वाटेल. आधी वाटलं, चोरी झाली.

हॉल उठला. बायांनी कमरेची रंगीत वस्त्रं सोडून जमिनीवर अंथरली. आणि एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ सुटाबुटात नाचतच आले, त्यांनी खिशातून नोट काढली आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला.

नाचणाऱ्या बाईवर पुरुष पैसे उधळतो, त्याला आपल्याकडे दौलतजादा म्हणतात, आणि तो कुणावर होतो हे कुठल्याही मराठी बाईला सांगावं लागत नाही. मी खुर्ची कधी सोडली ते मला आठवत नाही. नोट हिसकावली. "माझी मुलगी आहे ती," मी मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत. व्हिडिओ इथवरचाच आहे.

त्याच क्षणी डीजेनं गाणं तोडलं. सायरन वाजला. मला वाटलं, माझ्यामुळे थांबवलं, आता वाद होणार, आणि मी तयार होते. पण बाया जिभा हलवून ललकारत होत्या, माणसं भिंतीवर थापा मारत होती, आणि गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं. नाच फार आवडला की तिथे गाणं मध्येच तोडतात आणि परत लावतात. सगळ्यांना वाटलं, नाचणारीची आई मान द्यायला पुढे आली.

माई रूडो गर्दीतून वाट काढत आली आणि एका नजरेत तिला सगळं कळलं. कसं कळलं, ते तिनं नंतरही सांगितलं नाही.

"हा माझा भाऊ," ती म्हणाली. "रूडोचा सेकुरू. मामा. चांगलं नाचणाऱ्याला कुणी रिकाम्या हातानं बघत नाही. कुणी कापड देतं, कुणी कोंबडं देतं, इथे कोंबडं कुठून आणणार? आता उभ्याच आहात, तर तुम्हीही काही ठेवा."

माझी पर्स खुर्चीवर राहिली होती. हातात होती ती मामांची नोट. मग मी तीच दोघींवरून ओवाळली आणि अंथरलेल्या वस्त्रावर ठेवली. हॉलनं पुन्हा ललकारी दिली.

"पैसे माझे," मामा माई रूडोला म्हणाले, "आणि नाव हिचं."

परत फिरताना माझी नजर पोरींच्या हातांवर गेली. "उजवा हात वर," मी रूडोला सांगितलं. "वर. मनगटापाशी धर, बोटं सुटतात. आता टाचेवर भार देऊ नकोस." तिनं तसं केलं. दुसऱ्या खेपेला वेग दीडपट झाला आणि डीजेनं गाणं परत तोडलं. मी जाऊन खुर्चीवर बसले. लाह्या कुणीतरी संपवल्या होत्या.

रविवारी सकाळी मुक्तानं राउंडहे पार्कला नेलं. मोठं तळं, चांगली वाट, प्रवेश फुकट, कॅफेची रांग मात्र लांब. गुडघे बरे असतील तर पूर्ण फेरी मारा. मी तिला विचारलंच.

"इथे गुडघा दुखत नाही?"

"आई, रागावू नको. तिथे चूक झाली की तू म्युझिक बंद करते. इथे छान झाला की बंद करतात."

"चूक झाली तर सांगायचं नाही?"

"सांग ना. काल सांगितलं, रूडोला आवडलं. पण तू मला पंधरा वर्षं फक्त तेच सांगते."

"मग तू फुगडी इथे का आणलीस?"

"मला तीच येते चांगली. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या आईची आहे. माई तर म्हणाला, मग तिला आधी विचार. मी घाबरलो."

तळ्यावर बदकं होती. मी उरलेली पुरी मोडून त्यांना टाकली. जिच्याशी भांडायला मी आले होते, ती बाई माझ्या पाठीमागे माझी परवानगी काढायला सांगत होती, आणि माझी मुलगी माझ्याच भीतीनं गप्प होती. हे कुणाला आवडेल? मला आवडलं नाही.

दुपारी माई रूडो स्टेशनवर सोडायला निघाली, त्याआधी स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "चला, भांडायचं राहिलं."

"बसा," ती म्हणाली आणि स्वतः उभी राहिली.

मी म्हटलं, शनिवार तुम्ही घ्या. मुक्ता इथेच राहील. मधल्या जोडीचं मी बघते. ती लगेच आभार मानील, असं मला वाटलं होतं. तिनं आधी ओंजळीनं टाळ्या वाजवल्या, गुडघे वाकवले आणि दोन्ही हात पुढे केले, जणू मी तिला खरंच एखादी वस्तू देत होते. त्यांच्यात एका हातानं घेत नाहीत. मला काय करावं कळेना. शेवटी मी माझे हात तिच्या हातांवर ठेवले. कोमट होते, नुकतेच भांडी घासलेले.

"आणि पुढच्या वर्षीचा?" तिनं विचारलं.

"त्यासाठी पुन्हा भांडू."

गाडीत माझ्या पिशवीत भाजलेल्या दाण्यांचा डबा निघाला. कूट घरी करा, असं तिच्या अक्षरात वर लिहिलं होतं. हा टोमणाच होता, माझी खात्री आहे.

घरी येऊन दोन आठवडे झाले. मधल्या जोडीला आता वैदेही आणि तिची जाऊ उभ्या राहतात. वेग नाही, पण दोघी हसतात. मागच्या तालमीला त्यांची एक गिरकी बरी जमली, तेव्हा मी गाणं थांबवलं. सगळ्या जणी घाबरून आपापल्या पायांकडे बघू लागल्या. चांगलं झालं म्हणून थांबवलं, हे त्यांना पटवण्यात चहाची वेळ निघून गेली. पालेभाजीत मी दाणे भाजून घालते. ह्यांनी वाटी परत पुढे केली आणि विचारलं, हे कुठे शिकलीस? मी भाजी वाढली. मत्सर गेला का, असं कुणी विचारेल. नाही गेला. मुक्ताचा फोन येतो, त्यात अजून माई म्हणाली, माईने केला, असंच असतं, आणि दर वेळी काहीतरी आत टोचतं. झिम्बाब्वेच्या मुलांचं नवं संगीत ऐकायचं असेल तर मात्र लीड्सला जरूर जा. हेही मी नाइलाजानंच सांगते आहे.

मंडळात पुन्हा पुन्हा विचारलं जाऊ नये, म्हणून नोंद. लीड्स मुक्कामी, स्वयंपाकघरात, माई रूडो यांच्या दोन्ही हातांत दिलं ते असं: गणेशोत्सवातला एक शनिवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बस-फुगडी, उजवा हात वर धरून. ती त्यांच्या गाण्यावर घालायची परवानगी, साडी नसली तरी. मुलगी यात धरलेली नाही.